ट्रॅकर केलेली जुनी गाडी तापली की बंद पडते: दोष कुठे शोधायचा?

जुन्या मोटारसायकलला मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीचं रूप दिलं की तिला स्ट्रीट ट्रॅकर म्हणतात. अशा गाडीची तक्रार दर वेळी एकाच साच्यातली असते. सकाळी गाडी एका किकमध्ये सुरू होते, गावातून तालुक्यापर्यंत मस्त जाते. परतताना दुपार झालेली असते. वीस-पंचवीस मिनिटं चालली की पिकअप बसतो, एखाद-दोन झटके देते आणि गप्प होते. किक मारून मारून पाय दुखतो, पण ती दाद देत नाही. कडुलिंबाखाली पंधरा मिनिटं उभी केली की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते, आणि आठ-दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. मिस्त्रीकडे नेईपर्यंत ती थंड झालेली असते. तो कार्बोरेटर धुतो, प्लग बदलतो, चौकापर्यंत चक्कर मारून येतो आणि "ओके आहे" म्हणतो. आठवडाभरात गाडी पुन्हा कुठल्या तरी पांदणीच्या तोंडाशी उभी असते.

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात जुनी सीबीझेड, स्प्लेंडर, फिएरो, युनिकॉर्न घेऊन तिला स्ट्रीट ट्रॅकर करणारी बरीच पोरं आहेत. काम हौसेनं करतात, वेल्डिंगवाल्याकडे आणि लेथवर दिवस दिवस बसतात. म्हणूनच शेवटी कोणी तरी "इंजिन संपलं, बोअर करून घे" (म्हणजे सिलिंडर घासून मोठा पिस्टन बसव) असं सांगून हजारो रुपये खर्चात पाडतो तेव्हा वाईट वाटतं. बोअर केल्यावरही गाडी बंद पडतेच. इंजिन तेच आहे, वर्षानुवर्षं उन्हात चाललेलं. बदललंय ते त्याच्या भोवतालचं: हवा कुठून येते, पेट्रोल कसं उतरतं, वायर कुठून जाते. तेव्हा इंजिनला हात लावण्याआधी ट्रॅकर करताना काय काढलं आणि काय हलवलं याची यादी करा. दोष बहुतेक वेळा त्या यादीतच सापडतो.

हे रूप आलं कुठून ते माहीत असलं की यादी करणं सोपं जातं. फ्लॅट ट्रॅक ही अमेरिकेतली मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची शर्यत. त्या गाड्यांना पुढचा ब्रेकही नसतो. दोन्ही चाकं १९ इंची, रुंद हॅन्डल, लहान टाकी, मागे आखूड शेपटी, बाजूला नंबराची पाटी, बाकी काही नाही. शर्यतीच्या गाडीला थोडेच फेरे मारायचे असतात, तिला हेडलाइट नको, हॉर्न नको. तरीही उष्णतेचा प्रश्न तिथेही होता. हार्ले-डेव्हिडसनची एक्सआर-७५० १९७० मध्ये आली तेव्हा तिचं इंजिन बिडाचं होतं, आणि ते इतकं तापायचं की १९७२ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आणावं लागलं. आपली गाडी मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, मागे माणूस बसवून तीस-चाळीस किलोमीटर चालते. ट्रॅकरचा देखावा तिला जरूर द्या, पण शर्यतीच्या गाडीला जे लागत नाही ते हिला लागतं.

बंद पडली त्याच जागी करायच्या तपासण्या

हा दोष गॅरेजात सापडत नाही, कारण गॅरेजात तो नसतोच. बंद पडल्यापासून पहिल्या दोन-तीन मिनिटांत जे दिसतं तेच खरं. म्हणून डिकीत किंवा पाठीवरच्या पिशवीत एक चालू स्थितीतला जास्तीचा प्लग, प्लगपाना, स्क्रू ड्रायव्हर, छोटी रिकामी बाटली, पाणी आणि एक फडकं ठेवा.

पहिलं काम म्हणजे टाकीचं झाकण उघडणं. उघडताना हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बंद आहे. पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याची जागा घ्यायला वरून हवा यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकीला नवा रंग देताना झाकणावरही लॅकर मारलेलं असतं आणि ते बारीक छिद्र बुजतं. दुसऱ्या गाडीची टाकी बसवली की तिला दुकानात मिळेल ते झाकण लावलं जातं, त्याला कधी छिद्रच नसतं. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन हवा बाहेर फुसकन येते, ते वेगळं. त्याने गाडी बंद पडत नाही. आणखी एक खूण लक्षात ठेवा. टाकी भरलेली असताना आत हवेला जागा कमी असते, त्यामुळे छिद्राचा दोष भरल्या टाकीवर लवकर दिसतो. उलट टाकी अर्धी झाली की गाडी बंद पडू लागत असेल, तर कॉक, जाळी किंवा नळीकडे बघा, कारण वरचा दाब कमी झाल्यावर पेट्रोलला तिथून जाववत नाही. म्हणून दर वेळी गाडी बंद पडली की टाकीत किती पेट्रोल होतं ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

झाकणानं फरक पडला नाही तर कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू बाटलीवर सैल करा, कॉक चालू ठेवून. आधी वाटीतलं पेट्रोल भसकन येईल, मग एकसारखी बारीक धार लागायला हवी. धार दोन-चार सेकंदांत तुटली किंवा वाटी मुळात कोरडीच निघाली, तर पेट्रोल पोचत नाहीये. धार टिकली तर पेट्रोलचा विषय तिथेच संपला, वीज तपासा.

त्याआधी स्क्रू आवळा, झाकण लावा, बाटलीला बूच लावून लांब ठेवा आणि सांडलेलं पुसा. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली तर गाडी पेटते, यात कधी हयगय करू नका. मग जास्तीचा प्लग कॅपमध्ये घालून त्याची धातूची बाजू सिलिंडर हेडच्या रंग नसलेल्या जागेला टेकवा आणि किक मारा. उन्हात ठिणगी दिसत नाही, शर्टाची सावली करून बघा. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. अशक्त नारिंगी दिसली किंवा काहीच दिसलं नाही, तर कार्बोरेटर उघडण्यात अर्थ नाही. इंजिनमधला प्लग जागेवरच राहू द्या, त्यानं भोक बंद राहतं.

वणीकडच्या एका शेतकरी मित्राच्या सीबीझेडचं उदाहरण सांगतो. त्याचा निरोप असा होता: "भाऊ, कार्बोरेटर साफ करून करून थकलो, पण गाडी बंद पडूनच राहिली." बोअर करायचा सल्ला त्याला मिळाला होता. त्याला म्हटलं, पैसे खर्च करू नको, दुपारी गाडी काढ, मी मागे बसतो. वरोऱ्याच्या रस्त्यावर ऊन डोक्यावर असताना गाडी बंद पडली. झाकण उघडलं, काही नाही. वाटीतून धार चांगली. प्लग टेकवून किक मारली तर ठिणगी एकदा दिसायची, दोनदा नाही. कॉइल (प्लगसाठी वीज वाढवून देणारा भाग) शोधली तर ती टाकीखालच्या मूळ जागेवरून हलवून सीटखाली झिप-टायनं बांधलेली होती, कारण टाकीखालची चेसिस 'क्लीन' दिसायला हवी होती. ट्रॅकरसारखा उंच सायलेन्सर उजव्या बाजूनं नेमका तिच्याशेजारून जात होता. कॉइलला बोट लावलं तर चटका बसला. फडकं भिजवून, घट्ट पिळून, टर्मिनलला पाणी लागणार नाही असं तिच्या अंगावर गुंडाळलं. थोड्या वेळानं पुन्हा किक मारली तर ठिणगी निळी आणि न चुकता. कॅप परत इंजिनच्या प्लगवर लावली, गाडी सुरू झाली. कार्बोरेटरचा या सगळ्याशी काहीच संबंध नव्हता. कॉइल मूळ जागी गेली, सायलेन्सरवर पत्र्याची जाळी बसली, आणि नंतर नवतपातही (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) ती गाडी वणी-वरोरा करत राहिली.

वीज जात असेल तर

कॉइलची मूळ जागा कंपनीनं उगाच ठरवलेली नसते. तिथे समोरून वारा मिळतो आणि तिची पट्टी चेसिसला घट्ट बसते. काही गाड्यांत कॉइलचं अर्थिंग त्या पट्टीतूनच होतं. ती झिप-टायनं बांधली किंवा रंगावर कसली, की अर्थिंग अर्धवट राहतं. थंड असताना गाडी चालवून नेते, तापली की सोडून देते.

अर्थिंग हा ट्रॅकर गाड्यांचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित दोष आहे. चेसिसला पावडर कोटिंग केलं की इंजिनचे माउंटिंग, अर्थिंगचा बोल्ट, आरआर युनिटची (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरची) बैठक अशा सगळ्या जागांवर रंगाचा थर चढतो. रंग वीज नेत नाही. मग वीज बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी वाट काढते. तपासायला मल्टिमीटर पुरे: डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, गाडी सुरू, हेडलाइट चालू. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग कच्चं आहे. जागा खरवडून धातू उघडा करा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या बोल्टला एक जाड वायर टाका आणि वरून ग्रीस लावा, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे आणि ते प्रत्येक रंगवलेल्या गाडीवर करावंच, दोष असो वा नसो.

आरआर युनिटला फिन्स (धातूच्या पाकळ्या) असतात त्या वाऱ्यासाठी. शेपटीच्या फायबरखाली, प्लॅस्टिकच्या डबीत, सीडीआय (ठिणगी केव्हा पडायची ते ठरवणारं युनिट) आणि बॅटरीसोबत ते कोंबलं की ते स्वतः तापतं आणि शेजाऱ्यांनाही तापवतं. ते वाऱ्यात, धातूच्या पट्टीवर कसा. मग इंजिन चार हजार आरपीएमच्या आसपास ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा: १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर जात असेल तर आरआर गेलं. तापल्यावर आकडा १२ च्या खाली घसरत असेल तर चार्जिंग होत नाहीये, आणि ज्या गाडीत सीडीआय बॅटरीवर चालतो तिथे गाडी बंद पडायला तेवढं कारण पुरतं. अशा गाडीची बॅटरी काढून कपॅसिटर बसवायच्या भानगडीत पडू नका. सीटखालून आरपार दिसावं म्हणून लोक बॅटरी काढतात, पण रोज वापरायच्या गाडीला तो प्रकार मानवत नाही. तपासताना गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची सवय अनेक मिस्त्रींना असते, ती करू देऊ नका. व्होल्टेज उसळून सीडीआय जळू शकतो.

कॉइल, अर्थिंग, आरआर सगळं ठीक असून तापल्यावर ठिणगी जातच असेल, तर मॅग्नेटजवळची पिकअप कॉइल (सीडीआयला ठिणगीची वेळ कळवणारी) राहिली. तिचा रेझिस्टन्स दोनदा मोजा, थंड असताना आणि बंद पडल्याबरोबर. तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स दर १० अंशांना साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५० अंशांच्या फरकाला वीस टक्के वाढ हे तारेचा स्वभावच झाला. पण आकडा दुपटीवर गेला, नाचू लागला किंवा मीटर एकदम तुटल्यासारखं दाखवू लागला, तर आतली तार तापून सुटते आणि थंड झाली की पुन्हा टेकते. ती कॉइल बदलण्याशिवाय इलाज नाही.

हॅन्डल वळवलं की गाडी बंद पडते किंवा आपोआप रेस वाढते, हा दोष वेगळा आहे, त्याचा उष्णतेशी संबंध नाही. रुंद हॅन्डलला जुनी वायरिंग आणि केबल अपुरी पडते, एवढंच. लांब केबल टाका, वायरला जोड द्या.

पेट्रोल पोचत नसेल तर

नळीचा मार्ग बघा. टाकी बदलली की कॉकचं तोंड दुसरीकडे येतं आणि जुनी नळी पुरत नाही, म्हणून लांब नळी टाकली जाते. ती हेडच्या जवळून जाते, मध्येच वर चढते, मग खाली येते. त्या चढावर वाफेचा बुडबुडा अडकतो आणि वरचं पेट्रोल त्याला ढकलू शकत नाही. पेट्रोल पाण्यासारखं एकाच तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके अंश ३५-४० अंशांपासूनच उडायला लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नुसती हवाच ४५ ची असते, हेडजवळचं तर विचारूच नका. वाटेत लावलेला पारदर्शक फिल्टर सिलिंडरवर आडवा पडलेला असेल, तर बंद पडल्यावर त्यात बघा, अर्धा वाफेनंच भरलेला दिसेल. नळी कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत सलग उतरती हवी, शक्य तेवढी आखूड आणि हेडपासून लांब. फिल्टर उभा, तोंड खाली.

हेड आणि मॅनिफोल्डच्या (हेडला कार्बोरेटर जोडणाऱ्या नळीच्या) मध्ये बेकलाइटचं जाड पॅकिंग असतं, ते आहे का बघा. हेडची उष्णता कार्बोरेटरपर्यंत जाऊ नये म्हणून ते असतं. मोठा कार्बोरेटर बसवताना बोल्ट पुरत नाहीत म्हणून ते काढून कागदाचं पॅकिंग लावलेलं अनेकदा दिसतं. मग कार्बोरेटरच चुलीवर बसल्यासारखा होतो.

इथेनॉलचाही विचार करायला हवा. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं. एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे जुन्या गाडीच्या त्याच जेटमधून (कार्बोरेटरात पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) तेवढंच इंधन आलं तरी मिश्रण आधीपेक्षा पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. कंपनीच्या स्थितीतली गाडी ते बऱ्यापैकी निभावते. एअर बॉक्स (एअर फिल्टरचा मूळ डबा) काढून आधीच पातळ केलेल्या गाडीला मात्र ते जड जातं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या टाकीत गंज वाढतो आणि जुन्या रबरी नळीचे आतून पापुद्रे निघतात. ट्रॅकरसाठी भंगारातून आणलेली टाकी आतून साफ करून घेतल्याशिवाय लावू नका, आणि नळी नवीच टाका.

हवा

एअर बॉक्स काढून कोनाच्या आकाराचा पॉड फिल्टर लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण सीटखालची जागा मोकळी दिसते. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या भागात रोज चालवायच्या गाडीला पॉड लावू नये. एअर बॉक्स सीटखालून, त्यातल्या त्यात थंड आणि स्वच्छ जागेतून हवा ओढतो. पॉड इंजिनच्या पाठीशी, सिलिंडरवरून आलेल्या गरम वाऱ्यात उघडा बसतो. पांदणीतला धुरळा थेट त्याच्यावर येतो. कापसाचा हंगाम सुरू झाला की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा भागात जिनिंगजवळून जाताना उडणारी सरकीची लव त्यावर चिकटते, आणि तेलकट फोमवर तर ती नमद्यासारखी बसते. मग तीच गाडी काही दिवसांनी काळा धूर सोडू लागते आणि मिस्त्री जेट लहान करतो. फिल्टर धुतला की तेच जेट आता फार लहान ठरतं, गाडी पातळ चालते, तापते.

दुसरी गोष्ट फारसं कोणी बोलत नाही. मागून एअर बॉक्स कार्बोरेटरला आधार देत असतो. तो गेला की कार्बोरेटर आणि पॉडचं सगळं वजन पुढच्या मॅनिफोल्डच्या रबरावर येतं. खड्ड्यांत ते हिसके खाऊन रबर फाटतं, आणि थंड असताना बंद असलेली चीर तापल्यावर उघडते. गाडी तापली की आयडलिंग आपोआप वाढत असेल तर हाच संशय घ्या. गाडी चालू ठेवून त्या रबराभोवती पाण्याचा बारीक फवारा मारा. रेस बदलली तर हवा तिथून आत जाते आहे.

पॉड ठेवायचाच असेल, तर कार्बोरेटर कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा. स्प्लेंडर आणि पहिल्या सीबीझेडमध्ये केबलनं थेट स्लाइड (हवेची वाट उघडणारा कार्बोरेटरमधला दट्ट्या) उठते, तिथे मेन जेट एकेक साइजनं वाढवून जमवता येतं. युनिकॉर्नसारख्या गाडीत स्लाइड व्हॅक्यूमवर उठते. एअर बॉक्स काढला की तिचा हिशेबच बिघडतो, आणि नुसत्या जेटनं तो जुळत नाही. जेट बदललं की अंदाजावर राहू नका. मोकळ्या रस्त्यावर पाऊण थ्रॉटलवर थोडं चालवा, क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद करा, कडेला थांबा आणि प्लग काढून बघा. बिस्किटाचा रंग हवा. पांढराफटक असेल तर तशी गाडी एकही दिवस चालवू नका, पिस्टन धरेल, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसेल.

मूळ एअर बॉक्स परत लावणं मात्र या सगळ्यापेक्षा सोपं आहे, आणि ट्रॅकरच्या देखाव्याला त्यानं काही बाध येत नाही. बाजूच्या नंबराच्या पाट्या हे तर ट्रॅकरचं ओळखचिन्ह. त्या पाट्या थोड्या मोठ्या करा, एअर बॉक्स त्यामागे पूर्ण झाकला जातो. बॅटरीही तिथेच बसते.

काळी माती

ऑक्टोबरमध्ये हा दोष अचानक सुरू झाला असेल, तर मीटर काढण्याआधी खाली बसून सिलिंडरच्या फिन्समध्ये बघा. पुढचं मडगार्ड आखूड केलं किंवा काढलं की पावसाळाभर चाक काळी माती नेमकी हेडवर आणि सिलिंडरवर फेकतं. आपली माती चिकट, ती फिन्सच्या फटींत भरते आणि इंजिनच्या उष्णतेनं भाजून घट्ट होते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला फिन्स हाच एक आधार, आणि त्याच बुजलेल्या असतात. वरून नळाचं पाणी मारून ती निघत नाही. थंड इंजिनवर ओलं पोतं टाकून रात्रभर ठेवा, सकाळी बांबूच्या कामटीनं फट फट मोकळी करा. लोखंडी पट्टी घालू नका, फिन तुटते. फिन्सना जाड काळा रंग किंवा पावडर कोटिंग केलेलं असेल तर त्यानंही उष्णता अडते. पातळ, उष्णता सोसणारा रंग असेल तर ठीक.

पुढचं मडगार्ड परत लावायला आणखी एक कारण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीमध्ये नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. जुन्या गाडीची १५ वर्षं झाली की नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मूळ मडगार्ड, इंडिकेटर, साडी गार्ड, सायलेन्सर टाकून देऊ नका, घरी नीट ठेवा. बोल्टनं लावता-काढता येतील असेच बदल करा, चेसिस कापू नका.

टॅपेट

झाकण ठीक, धार ठीक, ठिणगी निळी, तरी तापल्यावर सुरू होत नाही, अशी गाडी किकला हलकी लागते का बघा. थंड असताना किकला जोर लागतो आणि तापल्यावर पाय सरळ खाली जातो, असं असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची बारीक फट) घट्ट आहे. व्हॉल्व्ह तापून लांब होतो, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. टॅपेट पूर्ण थंड इंजिनवर, शक्यतो सकाळी, आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मापाला फिलर गेज लावून जुळवा. आवाज येऊ नये म्हणून टॅपेट घट्ट करून देणारे मिस्त्री सगळीकडे आहेत. जरा टकटक ऐकू येणारा टॅपेट बरा, मुका टॅपेट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो. त्याच वेळी ऑइलची पातळीही बघून घ्या.

काम झाल्यावर

दुरुस्ती झाली की संध्याकाळी चौकापर्यंत चक्कर मारून समाधान मानू नका. दुपारी, टाकी पूर्ण भरून एकदा आणि रिझर्व्हच्या जवळ एकदा, ज्या अंतरावर ती बंद पडायची त्याच्या दुप्पट चालवा. मध्ये कुठे तरी पाच-सात मिनिटं बंद करून पुन्हा किक मारा, कारण उभ्या इंजिनाची उष्णता वर चढून कार्बोरेटरला लागते ती याच वेळात. एका वेळी एकच बदल करा. कॉइल हलवली, नळी बदलली आणि जेटही बदललं असं एका दिवसात केलं, तर गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच दोष परत आला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो. हे सगळं करूनही ती त्याच अंतरावर बंद पडत असेल, तर तापलेल्या इंजिनवर कॉम्प्रेशन गेज लावून बघा. थंड आणि गरम आकड्यांत मोठी तफावत आली, तेव्हा हेड खोलायची वेळ झाली असं समजा.